स्थायी सामायिक चल

स्थायी सामायिक चल : (संगणकशास्त्र). एखाद्या प्रणालीतील सर्व कार्यक्रमांना समान रीतीने उपलब्ध असणारे आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू केला तरी टिकून राहणारे मूल्य. साधा सामायिक चल स्मृतीत असतो व कार्यक्रम संपताच नाहीसा होतो. शिवाय अनेकजण एकाच वेळी काम करीत असल्यास प्रत्येक सत्राला त्याची स्वतंत्र प्रत मिळू शकते. ओरॅकल प्रणालीतील पॅकेज-चल असेच सत्रापुरते असतात. म्हणून असे मूल्य डेटाबेसमधील सारणीत नोंदवितात. ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानात सर्व माहिती सारण्यांच्याच रूपात असते. चलाला त्यात वेगळे स्थान नाही.

यासाठी एकच ओळ असलेली सारणी करतात व दुसरी ओळ भरली जाणार नाही असे बंधन घालतात. किंवा नाव आणि मूल्य अशा दोन स्तंभांची सारणी ठेवतात. दुसऱ्या रीतीत नवीन चलाची भर सहज घालता येते, परंतु सर्व मूल्ये सामान्यतः मजकूर म्हणून साठविली जातात आणि दराच्या जागी अक्षरे लिहिली गेली तरी अडकाव होत नाही. पैशाच्या हिशेबास पहिलीच रीत बरी.

खरी अडचण मूल्य बदलताना येते. अहिल्यानगर जिल्ह्यात, जेथे प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला, उसाचा रास्त व किफायतशीर दर हे अशा चलाचे उत्तम उदाहरण होय. १०.२५ टक्के उताऱ्यास हा दर २०२३-२४ च्या हंगामात क्विंटलला ३१५ रुपये व २०२४-२५ मध्ये ३४० रुपये होता. जुन्या आकड्यावर नवा लिहिला आणि मागील हंगामाचे बिल पुन्हा काढले, तर ५० टन उसामागे १२,५०० रुपयांचा फरक पडेल. म्हणून दराबरोबर हंगामही नोंदवावा लागतो. मग तो चल न राहता दरांचा इतिहास होतो, आणि ते इष्टच आहे.

जिल्ह्याच्या नावाचेही तसेच. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. नाव प्रत्येक नोंदीत लिहिले असेल, तर काही नोंदी बदलतात व काही राहून जातात. जनगणनेने २०११ मध्ये दिलेला ५२२ यासारखा संकेतांक नोंदींत ठेवून नाव एकाच ठिकाणी ठेवल्यास एक बदल पुरतो. बदलापूर्वी दिलेल्या दाखल्याची नक्कल मात्र मूळ नावानेच निघाली पाहिजे. तेव्हा येथेही तारीख सुटत नाही.

सतत वाढणारे मूल्य आणखी नाजूक असते. दोन वजनकाट्यांवरील कारकुनांनी एकाच क्षणी शेवटचा पावती क्रमांक वाचला, तर दोन गाड्यांना एकच क्रमांक मिळेल. ते टाळण्यासाठी वाचताना ती ओळ कुलूपबंद करतात, पण मग प्रत्येकास आधीच्याचे काम संपेपर्यंत थांबावे लागते. क्रमांक देण्याची वेगळी सोय अनेक प्रणालींत असते. तीत रांग लागत नाही, मात्र रद्द झालेल्या व्यवहाराचा क्रमांक परत येत नाही व मालिकेत खंड पडतो. हिशेबतपासनिसास सलग क्रमांकच हवे असतील, तर कुलूपच पत्करावे लागते.