जमिनीलगतच्या हवेचा मनोरा

तंजावर आणि कुंभकोणम् यांच्या दरम्यान, कावेरीकाठच्या भातखाचरांत वसलेल्या पापनाशम येथे नायक राजांच्या काळातील विटांचे एक प्रचंड धान्यकोठार आहे. त्याची उंची सुमारे 36 फूट, म्हणजे 11 मीटर. जगातील वेधशाळा मोकळ्या जागी वारा मोजतात तोही जवळजवळ एवढ्याच उंचीवर, 10 मीटरवर. त्याहून वरच्या हवेची वार्ता आणण्यास फुगा असतो; परंतु तो मिनिटाला सुमारे 300 मीटर चढतो आणि पहिले 100 मीटर 20 सेकंदांत मागे टाकतो. नेमक्या ह्याच थरातून खाचरांतील पाणी वाफ होऊन वर जाते व तापलेली जमीन आपली उष्णता हवेला देते. येथे रात्रंदिवस ठाण मांडावयाचे तर मनोराच उभारला पाहिजे.

असा मनोरा बहुधा पोलादाचा, जाळीदार आणि ताणलेल्या तारांनी सावरलेला असतो. जाळी अशासाठी की वारा आरपार जावा. तथापि मनोरा स्वतःच वाऱ्याला अडवितो, आणि जे मोजावयाचे तेच बिघडवितो! म्हणून उपकरणे लांब आडव्या दांड्यांच्या टोकांशी बसवितात. हॉलंडमधील काबाऊ येथे 1972 साली उभारलेला 213 मीटरांचा मनोरा म्हणजे बंद नळकांडेच आहे. त्याला तीन दिशांना दांडे आहेत, आणि वारा ज्या बाजूने येईल त्या बाजूची नोंद ग्राह्य धरतात.

जमिनीजवळ वारा व तापमान झपाट्याने बदलतात, वर सावकाश. त्यामुळे उपकरणे खाली दाट व वर विरळ लावतात. 1990 साली भारतीय शास्त्रज्ञांनी मोसमी द्रोणीच्या अभ्यासासाठी जोधपूर, दिल्ली, वाराणसी व खरगपूर येथे 30 मीटरांचे मनोरे उभारले. त्यांवरील पातळ्या 1, 2, 4, 8, 15 व 30 मीटर अशा होत्या.

फिरत्या पेल्यांचा वायुवेगमापक वाचकांना परिचित असेल. त्याहून सूक्ष्म उपकरण ध्वनीचे. दोन टोकांमध्ये ध्वनी वाऱ्याच्या दिशेने लवकर पोहोचतो, उलट दिशेने उशिरा; ह्या फरकावरून वाऱ्याचा वेग कळतो. अशा तीन जोड्या सेकंदाला दहा-वीस वेळा वाऱ्याची खालीवर होणारी हालचालही टिपतात. वर जाणारी झुळूक ओलसर आणि खाली येणारी कोरडी असेल, तर त्या दोहोंच्या हिशेबातून बाष्पीभवन निघते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने ह्याच पद्धतीने काझीरंगाच्या अरण्यात आणि पापनाशमच्या बरेच पूर्वेस, कोल्लिडमच्या मुखाजवळील पिच्चावरमच्या खारफुटीत मोजमाप केले आहे.

भातखाचरांना ह्या हिशेबाची गरज मोठी आहे. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने कावेरीतून तमिळनाडूकडे वर्षाला सोडावयाचे पाणी 177.25 अब्ज घनफूट ठरविले. कालव्याने आलेले पाणी मोजणे सोपे. शेतातून आकाशात गेलेले कठीण. उपकरण ज्या उंचीवर असेल त्याच्या सुमारे शंभरपट अंतरापर्यंत भूमी एकसारखी असावी, असा ठोकताळा आहे, आणि कावेरीचा सपाट त्रिभुज प्रदेश ह्या कसोटीला चांगला उतरतो. अडचण आहे ती पावसाची. थेंब ध्वनीच्या टोकांवर बसले की मापन बिघडते. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरच्या ईशान्य मोसमी पावसात, ऐन सरीच्या वेळच्या नोंदी बहुधा गाळाव्या लागतात.