नाण्यांची चकाकी आणि इतिहासाची हानी

काही वर्षांपूर्वी शाळेच्या इतिहास प्रदर्शनासाठी आम्ही वसतिगृहातील मुलामुलींना दिवाळीच्या सुट्टीवरून परतताना घरातील जुनी नाणी आणावयास सांगितले. सूचना देताना आमच्या तोंडून सहज निघून गेले, "नाणी स्वच्छ करून आणा." सातवीतील एका विद्यार्थिनीने ते मनावर घेतले. आजीने पत्र्याच्या डबीत जपलेली तांब्याची शिवराई तिने रात्रभर संडास धुण्याच्या अ‍ॅसिडमध्ये बुडवून ठेवली. सकाळी नाणे गुलाबीसर, लख्ख झाले होते. मात्र त्यावरील 'श्री राजा शिव' ही अगोदरच झिजलेली अक्षरे जवळजवळ नाहीशी झाली होती. दोष तिचा नव्हता, आमच्या सूचनेचा होता. तशी चूक इतर घरांत होऊ नये, म्हणून हा लेखप्रपंच.

जुन्या नाण्यावरील काळपट, तपकिरी वा हिरवट थर म्हणजे केवळ मळ नव्हे. तांब्याचा हवेशी, ओलाव्याशी आणि मातीशी दीर्घकाळ संयोग होऊन ऑक्साइड व कार्बोनेट यांचा तो थर तयार होतो. तो घट्ट व स्थिर असेल तर आतील धातूचे रक्षणच करतो. शिवाय, जो धातू थरात रूपांतरित झाला तो मूळ नाण्याचाच अंश असतो. झिजलेल्या नाण्यावर अक्षरांची बारीक वळणे अनेकदा या थरातच टिकून राहिलेली असतात. थर गेला की अक्षरही जाते.

चिंचेत, लिंबात आणि व्हिनेगरमध्ये आम्ल असते. पितळेची भांडी त्यांनी उजळतात, म्हणून नाणीही उजळावीत असे आपल्याला वाटते. परंतु भांडे वापरासाठी असते आणि नाणे वाचण्यासाठी. संडासाच्या अ‍ॅसिडमधील हायड्रोक्लोरिक आम्ल तर अधिकच घातक. त्यातील क्लोराइड तांब्याच्या सूक्ष्म छिद्रांत शिरून बसते. पुढे दमट हवा लागली की फिकट हिरवी भुकटी सुटू लागते आणि नाणे आतून पोखरले जाते. आज चकाकणारे नाणे काही महिन्यांनी असे झडू लागले, तर त्याचे कारण बहुधा हेच असते.

चांदीच्या नाण्यांचा प्रश्न वेगळा. ब्रिटिश अमलातील १८३५ नंतरच्या रुपयाचे वजन १८० ग्रेन होते व त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी असे. उरलेला भाग हलक्या धातूचा, मुख्यत्वे तांब्याचा. तीव्र आम्लात पृष्ठभागावरील हे तांबे निघून जाते आणि नाणे पांढुरके, सच्छिद्र दिसू लागते. पॉलिशने, राखेने किंवा घासणीने घासल्यास असंख्य बारीक ओरखडे उठतात. जाणकाराच्या भिंगाखाली ते तत्काळ उघड होतात. त्यामुळे अशा नाण्याचे बाजारमूल्यही घटते. सातवाहनांची अनेक नाणी शिशाची आहेत. शिसे मऊ असते आणि व्हिनेगरमधील आम्लाने लवकर खाल्ले जाते.

यात काय गमावले जाऊ शकते, याचे उत्तम उदाहरण आपल्या नाशिक जिल्ह्यातच आहे. १९०६ साली जोगळटेंभी येथे क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या मुखवट्याखालच्या पुसट रेषा आणि त्यांवर सातवाहनांची टेकडीसारखी खूण, असे दोन राजांचे ठसे एकाच नाण्यावर दिसतात. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेख गौतमीपुत्राने खखरात वंशाचा उच्छेद केल्याचे सांगतो. त्याला या नाण्यांनी दुजोरा दिला. ती नाणी कोणी हौसेने अ‍ॅसिडमध्ये टाकली असती, तर खालचा पुसट ठसा पहिल्यांदा गेला असता आणि त्यासोबत पुरावाही.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी सनदा नाहीत, वतनाची दप्तरे नाहीत. आजीच्या डबीतील एखादे नाणे हाच घरातील सर्वांत जुना दस्तऐवज असतो. त्यावरील अक्षर पुसणे म्हणजे आपणच आपले पान फाडणे होय.

मग करावे काय? शक्यतो काहीच करू नये. सुटी माती असेल तर नाणे डिस्टिल्ड वॉटरमध्ये काही काळ ठेवावे, न घासता मऊ सुती कापडाने टिपावे आणि पूर्ण कोरडे करावे. नाणे नेहमी कडेने धरावे, कारण बोटांच्या घामाचेही डाग पडतात. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटांत ठेवू नये. कालांतराने त्यांतून पाझरणाऱ्या द्रव्यांनी नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. आम्लविरहित कागदाचे पाकीट व सोबत सिलिका जेलची पुडी, एवढे पुरेसे आहे. हिरवी भुकटी सुटणारे नाणे इतरांपासून वेगळे ठेवून वस्तुसंग्रहालयातील संवर्धन तज्ज्ञास दाखवावे. नाण्याचे वजन, व्यास, छायाचित्र आणि ते घरात कसे आले याची नोंद वहीत अवश्य करावी.

शेतात नांगरताना नाण्यांचा साठा सापडला, तर तो धुऊ नये, वाटून घेऊ नये. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या अशा ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे.

ती शिवराई आजही आम्ही दरवर्षी प्रदर्शनात मांडतो. तिच्याशेजारी दुसऱ्या घरातून आलेली, काळपट पण वाचता येणारी शिवराई असते. मुले दोन्ही पाहतात आणि कोणती अधिक मोलाची हे स्वतःच सांगतात. आता आमची सूचनाही बदलली आहे : नाणे जसे आहे तसेच आणा.