घास अडकतोय? अंगावर काढू नका



या वेळी जरा वेगळा विषय घेतलाय. गिळण्याचा त्रास. तुम्ही म्हणाल, हा काय विषय आहे? घास अडकला तर पाणी प्यायचं, झालं. मीही असंच समजत होते. पण आपल्याच एका गटातल्या ताईमुळे माझे डोळे उघडले. तिची परवानगी घेऊन लिहितेय, नाव-गाव मात्र देत नाही.

बैठकीत पोहे आले की ही ताई म्हणायची, "मी घरून खाऊन आले." लग्नात पंगतीला बसायची नाही, वाढायला उभी राहायची. आम्हाला वाटायचं, उपास असेल. वर्षभरात तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. एकदा तिने मला सांगितलं, "मॅडम, जेवण खाली जात नाही." आणि मी काय म्हणाले असेन? "टेन्शन घेऊ नका ताई, ॲसिडिटी असेल." समाजकार्य शिकलेली मी, पण साधा प्रश्न विचारला नाही, की नक्की काय होतं?

तो प्रश्न विचारायला मला पुढे चार महिने लागले. तेव्हा ती बोलली. भाकरी अडकते, भात अडकतो आणि पाणीसुद्धा अडकतं. छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखं होतं. मग ती उठून उभी राहते, हात वर करते, वरून पाणी पिते, तेव्हा कुठे घास सरकतो. रात्री आडवी झाली की दुपारचा भात तसाच तोंडात येतो, उशी ओली होते, खोकून खोकून जाग येते. म्हणून ती कोणासमोर जेवत नव्हती. घरचे म्हणायचे मनाचं आहे, शेजारचे म्हणायचे नजर लागली. अडीच वर्षं एका दवाखान्यातून ॲसिडिटीच्या गोळ्या चालू होत्या.

आजार कसला होता?

तिच्या आजाराचं नाव अकॅलेशिया कार्डिया. नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल, काय होतं ते समजून घ्या.

घशापासून पोटापर्यंत साधारण 25 सेंटिमीटर लांब नळी असते, म्हणजे वीतभरापेक्षा थोडी जास्त. तिला अन्ननलिका म्हणतात. घास आपल्या वजनाने खाली पडत नाही. पेप्सीकोल्याची पिशवी आपण दाबत दाबत वर सरकवतो ना, तशी ही नळी वरून खाली दाबत घास ढकलते. पोटाच्या तोंडाशी स्नायूंचं एक दार असतं. घास आला की ते सैल होतं, घास गेला की बंद होतं.

या आजारात नळीच्या भिंतीतल्या, हे काम सांभाळणाऱ्या नसांच्या पेशी हळूहळू निकामी होतात. ढकलणं थांबतं आणि दार उघडायचं विसरतं. अन्न वरच साठून राहतं. नळी फुगत जाते. तोंडात परत येणारं अन्न बऱ्याचदा आंबट का नसतं, तर ते पोटात पोचलेलंच नसतं.

हा आजार दुर्मिळ आहे. वर्षाला लाखात साधारण एकाला नव्याने होतो, बाईला आणि पुरुषाला सारखाच. तो नेमका का होतो, हे डॉक्टरांनाही अजून पूर्ण उलगडलेलं नाही. पण एवढं नक्की, की तो नजर लागल्याने होत नाही, हट्टाने होत नाही, एकाचा दुसऱ्याला लागतही नाही.

प्रत्येक अडकणारा घास एकसारखा नसतो

गिळायला त्रास होण्याची कारणं बरीच आहेत. डॉक्टरांना नीट सांगता यावं म्हणून हे फरक लक्षात ठेवा.

• घट्ट आणि पातळ, दोन्ही सुरुवातीपासूनच अडकतं, अन्न न पचता परत येतं: अकॅलेशियासारखा आजार असू शकतो.

• आधी भाकरी अडकते, मग मऊ भात, मग पाणी, आणि हे काही आठवड्यां-महिन्यांत वाढत जातं: इथे अजिबात थांबू नका. अन्ननलिकेच्या कर्करोगाची तपासणी आधी करावी लागते. मिश्री, तंबाखू, दारू असेल तर जास्तच घाई करा. मिश्रीने दात घासणाऱ्या मावश्यांनो, हे तुमच्यासाठी आहे.

• अंगात रक्त बरीच वर्षं कमी आहे, थकवा आहे आणि वरच, घशापाशी अडकतं: लोहाच्या कमतरतेमुळे नळीत पातळ पडदा तयार होऊ शकतो. हा त्रास मध्यम वयाच्या बायकांमध्ये जास्त दिसतो. लोहाच्या औषधाने आणि गरज पडली तर नळी रुंद करून बरा होतो.

• पाणी पिताना लगेच ठसका लागतो, आवाज ओला होतो, आणि आधी लकवा येऊन गेलाय: हा घशाच्या स्नायूंचा प्रश्न. यात वाचा-उपचार तज्ज्ञ गिळण्याचे व्यायाम शिकवतात.

• तोंडच कमी उघडतं, तिखट लागलं की आग होते, आणि सुपारी किंवा गुटख्याची सवय आहे: आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवा.

वजन उतरणं, रक्ताची उलटी, काळी शौच, थुंकीही गिळता न येणं, घास अडकून श्वास कोंडणं, यातलं काहीही झालं तर बैठकीची वाट पाहू नका. श्वास कोंडला किंवा रक्त पडलं तर लगेच 108 ला फोन करा.

तपासण्या कोणत्या?

आपल्या ताईच्या तीन तपासण्या झाल्या. पहिली एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून आतून बघणं. कर्करोग नाही ना, हे त्यात आधी पाहिलं. दुसरी बेरियमची. खडूच्या पाण्यासारखं पांढरं औषध प्यायला देतात आणि ते उतरताना एक्स-रे काढतात. तिच्या फोटोत नळी वर फुगलेली आणि खाली पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती दिसली. तिसरी मॅनोमेट्री. नाकातून बारीक नळी घालून, पाण्याचे घोट घ्यायला लावून आतला दाब मोजतात. आजार पक्का ठरवायला ही सगळ्यात खात्रीची.

नाकातली नळी त्रासाची होती, असं ताई सांगते, पण थोड्या वेळाचं काम. रिपोर्ट आला तेव्हा ती रडली. आम्हाला वाटलं घाबरली. ती म्हणाली, "नाही गं, मी खोटं बोलत नव्हते, हे कागदावर आलं म्हणून."

उपचार काय आहेत?

निकामी झालेल्या नसा परत येत नाहीत. पण ते दार सैल करता येतं आणि माणूस पुन्हा नीट जेवू शकतो. त्याचे मुख्य मार्ग असे:

1. फुगा: दुर्बिणीतून फुगा नेऊन दार ताणतात. पोटावर चिरा नाही, दवाखान्यात कमी राहावं लागतं. पण काही वर्षांनी पुन्हा करावं लागू शकतं, आणि ताणताना नळी फाटण्याचा थोडा धोका असतो.

2. हेलर शस्त्रक्रिया: दाराचा स्नायू कापून सैल करतात. जर्मनीतल्या अर्न्स्ट हेलर या सर्जनने 1913 साली ती पहिल्यांदा केली. आता पोटावर छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने करतात. पोटातलं आम्ल वर येऊ नये म्हणून सोबत एक आधाराचा टाका-पडदाही करतात.

3. पोएम: तोंडातून दुर्बीण घालून आतूनच स्नायू कापतात. जपानच्या डॉ. हारुहिरो इनोउए यांनी 2008 साली ही पद्धत सुरू केली. बाहेर चिरा नाही, पण नंतर आम्ल वर येण्याचा त्रास जास्त जणांना होतो, त्याच्या गोळ्या लागतात.

4. बोटॉक्सचं इंजेक्शन: जे खूप वयस्कर आहेत किंवा ज्यांना भूल झेपणार नाही त्यांच्यासाठी. परिणाम बहुतेक वर्षभराच्या आतच ओसरतो.

कोणता मार्ग चांगला, हे आजाराचा प्रकार, वय आणि तिथल्या डॉक्टरांचा हात यावर ठरतं. ताईने डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं, की भातलावणी सोडून मला पुन्हा पुन्हा मुंबईला येणं जमणार नाही. ते ऐकून आणि रिपोर्ट पाहून हेलर शस्त्रक्रिया ठरली. आपली अडचण डॉक्टरांना सांगणं म्हणजे उद्धटपणा नाही. ती सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कशी?

मुंबईत कुठे जायचं?

आधी आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. तिथून चिठ्ठी घ्या. मुंबईला जायचंच झालं तर उपनगरात पालिकेची मोठी रुग्णालयं आहेत. मध्य रेल्वेने येणाऱ्यांना घाटकोपर पूर्वेचं राजावाडी किंवा मुलुंडचं अग्रवाल, पश्चिम रेल्वेने येणाऱ्यांना विलेपार्ले-जुहूचं कूपर किंवा कांदिवलीचं शताब्दी. गिळण्याच्या आजारासाठी पोटविकार विभाग लागतो, पाटीवर गॅस्ट्रोएन्टरोलॉजी असं लिहिलेलं असतं. तो परळचं केईएम, सायन आणि नायर या कॉलेजच्या रुग्णालयांत आहे. केईएमला मध्य रेल्वेने परळ, पश्चिमेने प्रभादेवी स्टेशनला उतरायचं.

ओपीडी सकाळची असते, केसपेपरची रांग त्याहून आधी लागते. आपली ताई आदल्या रात्री घाटकोपरला बहिणीच्या खोलीवर मुक्काम करायची आणि पहाटेची लोकल पकडायची. अंधेरी, बोरिवली, मुलुंडला नातेवाईक असतील तर संकोच न करता विचारा. आजारपणात माहेर-सासर दोन्ही लागतं.

पैशांसाठी तीन दारं ठोठवा:

• महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. आपला उपचार यादीत बसतो का, हे दाखल होण्याआधी विचारा. टोल-फ्री नंबर 155388.

• धर्मादाय रुग्णालयं. यांनी 10 टक्के खाटा गरीब रुग्णांना मोफत आणि 10 टक्के सवलतीत द्यायच्या असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा.

• सरकारी आणि पालिकेच्या मोठ्या रुग्णालयातला वैद्यकीय समाजसेवा विभाग. तिथे माझ्यासारखेच समाजकार्य शिकलेले लोक बसतात. औषधाची, बाहेरच्या तपासणीची अडचण त्यांना सांगा.

जुने सगळे कागद एका पिशवीत, तारखेप्रमाणे लावून न्या. त्रास कधी सुरू झाला, काय अडकतं, वजन किती उतरलं, हे कागदावर लिहून न्या. डॉक्टरांसमोर दोन मिनिटं मिळतात आणि घाबरून आपण निम्मं विसरतो.

घरी काय सांभाळायचं?

उपचाराआधी आणि नंतरही थोडी पथ्यं लागतात. ताठ बसून, लहान घास, बारीक चावून, घाई न करता जेवायचं. मधेमधे कोमट पाणी. पेज, मऊ भात-वरण, नाचणीचं आंबील, आमटीत कुस्करलेली भाकरी चालते. सुकी भाकरी, चिवट मटण जपून. रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून उंची द्यायची. गोळी अडकत असेल तर ती फोडण्याआधी डॉक्टरांना विचारा, पातळ औषध मिळू शकतं. शस्त्रक्रियेनंतर बरं वाटलं तरी बोलावतील तेव्हा तपासणीला जायचंच, कारण दार पुन्हा आवळू शकतं.

गटाने काय केलं?

गटाने तिला अंतर्गत कर्ज दिलं, प्रवास आणि बाहेरच्या तपासणीसाठी. हप्ता तीन महिने पुढे ढकलला, तसा ठराव लिहिला. दोघी जणींनी पाळीने तिच्या म्हशीचं दूध काढलं. एकीने तिच्या मुलांचा डबा केला. आणि तिच्या नवऱ्याला, सासूबाईंना आम्ही बेरियमचा फोटो दाखवला. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढुशा भोकातनं पोरगी जेवत होती होय?" त्या दिवसापासून नजर काढणं बंद झालं.

आता ताईचं वजन वाढतंय. बैठकीत पोहे खाते, पण सगळ्यांत शेवटी संपवते. तिची बशी रिकामी होईपर्यंत आम्ही हिशेबाची वही उघडत नाही.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाच्या सचिव ताईंनी एकच प्रश्न विचारायचाय: घरात कोणाला जेवताना अडकतं का? सासूबाई, आई, नवरा, कोणीही. एखादी "मी घरून खाऊन आले" म्हणाली, तर तिला बाजूला घेऊन प्रेमाने विचारा. नाव निघालं तर आशाताईंना आणि मला कळवा. सोबत कोणी नसेल तर रुग्णालयात मी येईन.

तुमची,
क्षेत्र समन्वयक