मिटलेल्या फोनची खिडकी

धाकट्या भावाने आईला मोठ्या हौसेने घडीचा फोन आणला. मिटला की बटव्यात मावतो आणि कोणाचा फोन आला ते बाहेरच्या छोट्या पडद्यावर दिसते. संधिवाताच्या बोटांना सारखी उघडझाप नको, हा त्याचा हिशेब.

परवा रात्री दहाला गोळीचा गजर झाला. बाहेरच्या पडद्यावर 'औषधाची वेळ' एवढेच. कोणती गोळी, किती, हे पाहायला फोन उघडायला हवा आणि आखडलेल्या बोटांना बिजागरी दाद देईना. रक्तदाबाची गोळी चुकली, हे मला सकाळी कळले.

"आई, मला उठवायचंस ना!"

"तू दमून झोपली होतीस गं."

दोष द्यायचा कोणाला? हा पडदा वाढला मात्र झपाट्याने. २०२० च्या सॅमसंग गॅलेक्सी झेड फ्लिपवर तो जेमतेम १.१ इंचांचा होता. २०२३ च्या झेड फ्लिप ५ वर ३.४ इंचांचा आणि त्याच वर्षीच्या मोटोरोला रेझर ४० अल्ट्रावर ३.६ इंचांचा झाला. खिडकी मोठी झाली, पण तिच्यातून काय दिसावे हे सॉफ्टवेअर ठरवते. मोटोरोलाने बहुतेक ॲप बाहेर चालू दिली. सॅमसंगने सुरुवातीला मोजकीच, बाकीच्यांसाठी 'गुड लॉक' नावाचे वेगळे ॲप घ्यावे लागे.

कारणही समजण्याजोगे आहे. बहुतेक ॲपची मांडणी उभ्या, लांबट पडद्यासाठी केलेली असते. चौकोनी तुकड्यात तीच दाखवली तर बटणे कापली जातात, अक्षरे दाटतात. शिवाय फोन उघडताच पडद्याचे माप बदलते आणि अँड्रॉइड सहसा ते पान नव्याने उभारते. आधीची स्थिती जपण्याची सोय ॲप लिहिणाऱ्याने केली नसेल, तर अर्धा भरलेला अर्ज कोरा होतो. ही सोय करायला वेळ आणि पैसा लागतो. घडीचे फोन वापरणारे अजून थोडे, म्हणून ते काम मागे पडते.

ॲप लिहिणाऱ्याला ती खिडकी जोडकाम वाटत असेल. आईसाठी पुष्कळदा तोच सगळा फोन असतो.

तूर्त मी एक युक्ती केली आहे. गजराचा मथळाच बदलला: 'निळ्या डबीतली एक'. काल रात्री दहाला गजर झाला, तेव्हा मी जागीच होते. आईने फोन उघडला नाही. डबी मात्र उघडली.