विषय येतो, पण भाषा अडते : शिक्षकांचे प्रशिक्षण नेमके कशाचे हवे?

महाराष्ट्रात अनेक ठिकाणी उर्दू शाळा सातवी-आठवीपर्यंतच असते. पुढे जवळपास उर्दू हायस्कूल नसेल तर मुले मराठी माध्यमाच्या हायस्कुलात जातात. मुलीचा प्रश्न असेल तर ‘पाठवायचे की घरी बसवायचे’ इथपर्यंत गोष्ट जाते. समोर बोर्डाची परीक्षा, आणि अचानक गणित-विज्ञानाची सगळी पुस्तके दुसऱ्या भाषेत. मग सहामाहीनंतर शेरा येतो : ‘कच्चा आहे’, ‘वर्गात बोलत नाही’.

आम्ही दोन्ही भाषांत वावरणारे शिक्षक सांगू शकतो की पुष्कळदा मूल कच्चे नसते, त्याची भाषा अडलेली असते. हे दोन वेगळे आजार आहेत, त्यांचा इलाजही वेगळा. पण समोरच्या शिक्षकाला हा फरक ओळखायला शिकवलेलेच नसते. खरा प्रश्न इथे आहे.

बोलता येते, मग लिहिता का येत नाही?

‘पोरगा मैदानावर तर मस्त मराठी बोलतो, पेपरात काय होते?’ हा सवाल स्टाफरूममध्ये नेहमी ऐकू येतो. त्याचे उत्तर कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्येच मांडले. रोजच्या बोलण्याची भाषा वेगळी आणि अभ्यासाची भाषा वेगळी. पहिली साधारण दोन वर्षांत येते. दुसरीला, म्हणजे कारण सांगणे, तुलना करणे, व्याख्या लिहिणे यासाठी, पाच ते सात वर्षे लागू शकतात. आपण नववीत आलेल्या मुलाला दीड-दोन वर्षेच देतो.

ओळखीचा शब्द, वेगळा अर्थ

अवघड शब्द मूल निदान विचारते. ओळखीचा वाटणारा शब्द मात्र गुपचूप फसवतो. उर्दू विज्ञानात ‘हरकत’ म्हणजे गती. मराठीत हरकत म्हणजे आक्षेप. उर्दूत ‘खाली’ म्हणजे रिकामे. मराठी प्रश्नपत्रिकेत ‘खाली दिलेल्या’ म्हणजे पुढे, तळाशी. ‘कसर’ उर्दू गणितात अपूर्णांक, मराठीत उणीव. हिंदी माध्यमातून आलेल्या मुलाचे हालही तेच. हिंदीत ‘अणु’ म्हणजे रेणू, मराठीत ‘अणू’ म्हणजे हिंदीतला परमाणु. म्हणजे धडा पाठ असूनही उत्तर चुकणार.

उलट बाजूही आहे. व्याजाच्या गणितातले ‘द.सा.द.शे.’ पाहून उर्दूचे मूल घाबरते. फळ्यावर ‘दर साल दर शेकडा’ असे पूर्ण लिहा. ‘दर’ आणि ‘साल’ तर त्याच्या घरचेच शब्द! हिशोब, जमा, बाकी, नफा, तारीख, जमीन, कायदा असे कितीतरी शब्द दोन्ही भाषांत आहेत. हे भांडवल शिक्षकाला माहीत असेल तरच कामी येईल.

‘उर्दू वर्ग’ही एका भाषेचा नसतो

कोकणातल्या अनेक मुस्लिम घरांत कोकणी बोलली जाते, शाळा उर्दू. मराठवाड्यात घरात दखनी, आणि तिच्यातला ‘नको’ थेट मराठीचा. भिवंडी-मालेगावात उत्तरेकडून आलेल्या विणकर कुटुंबांची बोली आणखी वेगळी. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच मोहल्ल्यात ऐकू येतात. २०११ च्या जनगणनेत राज्यातल्या सुमारे ७५ लाख लोकांनी उर्दू मातृभाषा नोंदवली. पण त्या एका नावाखाली अनेक बोल्या आहेत. म्हणून हे प्रशिक्षण मराठी शाळांना हवे तितकेच उर्दू शाळांनाही हवे. २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. उर्दू शाळेत मराठी दुसरी भाषा म्हणून शिकवावी लागते, आणि तेही वेगळे कसब आहे.

कागदावर काय आहे?

संविधानाचे कलम ३५०-अ मातृभाषेतून शिक्षणाची सोय करायला सांगते, पण प्राथमिक स्तरावर. माध्यमिकला मुलाचा आधार मुख्यतः शिक्षकच. एन.सी.टी.ई.च्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि ‘सर्व विषयांतून भाषा’ या अर्थाचा एक पेपरही आला. म्हणजे विज्ञानाचा शिक्षकही भाषेचा शिक्षक आहे, हे तत्त्व मान्य झाले. पण पुष्कळ ठिकाणी तो पेपर नोट्स काढून पास होण्यापुरता राहतो. पाठ-टाचणात उद्दिष्टे, साहित्य, मूल्यमापन सगळे असते. ‘या घटकात कोणते शब्द अडतील?’ असा रकाना नसतो.

प्रशिक्षणात काय असावे?

१. वर्गाची भाषिक पाहणी. मूल घरी काय बोलते, आधी कोणत्या माध्यमात होते, काय वाचू-लिहू शकते, याची जूनमध्येच एका पानावर नोंद.

२. शब्दांची आधी तयारी. प्रत्येक धड्याचे आठ-दहा कळीचे शब्द दोन भाषांत : त्रिकोण–मुसल्लस, कोन–जाविया, अणू–जौहर, रेणू–सालमा. बालभारती एकाच इयत्तेचे पुस्तक मराठी, उर्दू, हिंदीसह अनेक भाषांत काढते. दोन पुस्तके शेजारी ठेवली की यादी तयार.

३. आधी बोलणे, मग लिहिणे. जोडीत चर्चा मुलांना येईल त्या भाषेत, मांडणी मराठीत. घरची भाषा वर्गात बोलली म्हणून ओरडू नये. विचार तिथेच तयार होतो.

४. वाक्याचा सांगाडा. ‘… वाढले की … कमी होते, कारण …’ अशी अर्धी वाक्ये द्यावीत. मूल ती भरत भरत अभ्यासाची भाषा शिकते.

५. तपासणीत दोन नजरा. ‘माझा पुस्तक’ किंवा ‘शाला’ लिहिणाऱ्या मुलाला विज्ञान येत नाही असे नाही. उर्दूत नपुंसकलिंग नाही, ळ नाही. चाचणीत विषयाचे गुण वेगळे द्यावेत, भाषेची दुरुस्ती वेगळी सांगावी.

हे सगळे एका दिवसाच्या भाषणातून येणार नाही. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांच्या प्रशिक्षणाची संधी मिळावी असे म्हणते. त्यातले दहा तास जरी यावर दिले आणि उर्दू व मराठी शाळांच्या शिक्षकांनी एकमेकांचे तास पाहिले, तरी पुष्कळ काम होईल.

आपल्याकडूनही काही व्हायला हवे. पालक-शिक्षक सभेत फक्त गुण विचारू नका. ‘माध्यम बदललेल्या मुलांसाठी शाळा काय करते?’ हे विचारा. आठवीनंतरच्या सुट्टीत नववीची मराठी पुस्तके हाती द्या. मोहल्ल्यातल्या बी.एड. झालेल्या तरुणांनी त्या दोन महिन्यांत शब्दांचा वर्ग घ्यावा. मुलगी शाळा सोडते तेव्हा बहुधा आधी ती वर्गात गप्प झालेली असते. ते गप्प होणे वेळीच ओळखणारा शिक्षक प्रत्येक हायस्कुलात असावा, एवढीच मागणी आहे, आणि ती पूर्ण होण्यासारखी आहे.