कांद्या-द्राक्षांच्या वाटेने युरोप

निफाड तालुक्यात शरद ऋतू फिरण्याचा नसतो, छाटणीचा असतो. पितृपक्षाच्या आगेमागे बागांमध्ये कात्र्या चालू लागतात. काडीवरचे डोळे मोजायचे, छाटून झाल्यावर डोळ्यांना पेस्ट लावायची, घड निघतो की गोळी होते याची धाकधूक सोसायची आणि परतीचा पाऊस आलाच, तर डावणी रोगाच्या धास्तीने रात्री-अपरात्री फवारणीचा ब्लोअर काढायचा. त्यामुळे या दिवसांत आमच्याकडच्या जोडप्यांची सहल म्हणजे फार तर कोजागरीला सप्तशृंगगड. युरोपला जाणारी मंडळी जातात ती मे-जूनमध्ये, शाळांच्या सुट्ट्या बघून, बसमध्ये बसून.

आम्ही दोघे मात्र मुद्दाम सप्टेंबरच्या अखेरीला निघालो. लेक-जावई नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला, ह्यांचा पुतण्या जर्मनीत स्टुटगार्टला आणि माझी एक भाची येना इथे शिकायला. बाग दिरांवर सोपवली. ह्यांची अट एकच होती: राजवाडे कमी, शेतं जास्त. त्या अटीमुळे आमचा युरोप पॅरिस-रोमचा न होता कांद्या-द्राक्षांचा झाला. शेतकरी घरातल्या माणसांनी युरोप असाही बघावा, म्हणून हा लेखप्रपंच.

निघण्याआधी

शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येते आणि तो २९ देशांत चालतो. इंग्लंड आणि आयर्लंड त्यात नाहीत. ज्या देशात मुक्काम सर्वाधिक, त्या देशाकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखाच असेल, तर जिथे प्रथम उतरणार तिथे. प्रौढांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. प्रवासविमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मुलांकडे राहणार असाल, तर त्यांनी तिथल्या सरकारी कार्यालयात सही करून घेतलेले हमीपत्र जोडावे लागते. ते कागद मिळायला वेळ जातो, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर पासपोर्टवरच्या शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे.

गाडी चालवायची असेल, तर आंतरराष्ट्रीय परवाना आपल्याच आरटीओतून मिळतो. तो एक वर्ष चालतो, पण मूळ परवानाही जवळ लागतो. भाड्याच्या गाडीची अनामत बहुतेक ठिकाणी चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर घेतात. गाडी दुसऱ्या देशात न्यायची असेल, तर ते आधीच सांगून ठेवावे.

आणि फराळ. दिवाळीच्या तोंडावर लेकीकडे जायचे म्हटल्यावर पिशव्या भरतातच. पण युरोपीय संघात बाहेरच्या देशातून प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, खवा आणि घरचे कढवलेले तूप घरीच. ताजा कढीपत्ताही पीक-आरोग्याच्या दाखल्याशिवाय चालत नाही. चिवडा, कडबोळी, शेंगदाण्याची चटणी बिनधास्त न्यावी. तुपाचा डबा पिशवीतून काढून ठेवताना मला निम्मा फराळ मागे राहिल्यासारखे वाटले, पण विमानतळावर तो कचऱ्यात जाण्यापेक्षा ते बरे.

रस्त्याचे कायदे

गाडी बहुतेक जावईच चालवत होते. ह्यांनी लहान रस्त्यांवर हात साफ करून घेतला. डावीकडून उजवीकडे जाणे वाटते तेवढे अवघड नाही. खरी सवय करावी लागते ती जर्मनीतल्या पाटी नसलेल्या चौकांची. तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, मग तो सायकलवाला का असेना. ऑटोबानवर अनेक टप्प्यांत वेगाला बंधन नाही; ताशी १३० किलोमीटर ही फक्त शिफारस आहे. पण डाव्या मार्गिकेत रेंगाळायचे नाही. वाहतूक तुंबली की डाव्या मार्गिकेतल्या गाड्या डावीकडे आणि बाकीच्या उजवीकडे सरकतात. मधोमध रुग्णवाहिकेसाठी वाट मोकळी होते, आणि ती रुग्णवाहिका यायच्या आधीच झालेली असते. ह्यांना ऑटोबानच्या वेगापेक्षा याचे कौतुक जास्त वाटले. स्टुटगार्टसारख्या शहरांच्या प्रदूषणमर्यादित भागात काचेवर हिरवे चिकटपत्र लागते; भाड्याच्या गाडीला ते आहे ना, हे निघतानाच बघावे.

पण ही झाली पुढची वाट. त्याआधी आइंडहोव्हनच्या दुकानात शिरल्या शिरल्या ह्यांनी द्राक्षाचे खोके उलटून पाहिले. माल इटलीचा होता. आपली द्राक्षे तिथे पोचतात ती फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास. न्हावाशेवाहून थंड कंटेनर रॉटरडॅमला उतरतात आणि तिथून युरोपभर जातात. लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून बरीच जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा वाटेत जाणारा प्रत्येक जास्तीचा दिवस निफाडमध्ये मोजला जात होता. त्याआधी २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अंश सापडल्याने आपला माल युरोपात अडकला होता. रेसिड्यू हा शब्द तेव्हापासून आमच्या घराघरात बोलला जातो. आपला माल ज्या बंदरात वर्षानुवर्षे उतरतो, त्या बंदराच्या क्रेन ह्यांनी अखेर डोळ्यांनी पाहिल्या.

मोझेलचे उतार

आइंडहोव्हनहून जर्मनीत शिरून कोखेमच्या बाजूने मोझेल नदीचे खोरे गाठले की ट्रियरपर्यंत नदी नागमोडी वळणे घेत सोबत करते. दोन्ही काठांवर द्राक्ष. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट हा उतार जगातल्या सर्वांत खड्या द्राक्षबागांपैकी एक. काही ठिकाणी चढ ६५ अंशांचा आहे. तिथे ट्रॅक्टर चालत नाही. उतारावर रुळाची एक दांडी बसवलेली असते, तिच्यावरून छोटे यंत्र माणसे आणि माल वर-खाली नेते. जमीन पाटीच्या दगडाची. दिवसा तापलेला दगड रात्री वेलीला ऊब देतो, म्हणून इतक्या उत्तरेला रीसलिंग जातीचे द्राक्ष पिकते. जुन्या बागांत मांडव नाही, वाय आकाराचा आधार नाही. एका खांबाला एक वेल आणि काड्या वाकवून हृदयाच्या आकारात बांधलेल्या.

आम्ही गेलो तेव्हा तोडणी चालू होती. इकडे दिरांनी छाटणीला हात घातलेला आणि तिकडे माल उतरत होता. तोडणीसाठी पोलंड-रुमानियाकडून मजूर येतात, जसे आमच्याकडे पेठ-सुरगाण्याहून येतात. मजूर मिळत नाहीत, मुलांना उतारावर राबायचे नाही, म्हणून कित्येक खडे तुकडे पडीक राहिले आहेत. हे ऐकून ह्यांनी मान हलवली. तो विषय आमच्या ओट्यावरही रोजचाच.

इथे द्राक्ष रोमनांच्या काळापासून आहे. ट्रियरच्या संग्रहालयात नोयमागेन गावी सापडलेले तिसऱ्या शतकातले दगडी शिल्प आहे: दारूची पिंपे भरलेली बोट आणि वल्ही मारणारे नावाडी. द्राक्षमालाच्या वाहतुकीची चिंता किती जुनी आहे ते त्यावरून कळते.

ट्रियरच्या वरच्या अंगाला, लक्झेम्बर्गमध्ये, मोझेलच्याच काठी शेंगेन नावाचे गाव आहे. ज्या नावाच्या व्हिसासाठी आपण फायली घेऊन रांगेत उभे राहतो, ते गाव द्राक्ष बागायतदारांचे निघाले! १४ जून १९८५ रोजी नदीतल्या 'प्रिन्सेस मारी-आस्ट्रिड' या बोटीवर बेल्जियम, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, लक्झेम्बर्ग आणि नेदरलँड्स या पाच देशांनी सीमेवरची तपासणी हटवण्याचा करार केला. फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेम्बर्ग इथे एकमेकांना भिडतात, म्हणून ही जागा निवडली. आता पूल ओलांडला की जर्मनी.

दारावर झाडू

स्टुटगार्टचा आणि आपला संबंध नाशिककरांना सांगायला नको. १८८६ मध्ये रॉबर्ट बॉश यांनी तिथे छोटी कार्यशाळा काढली. सातपूरची पूर्वीची 'मायको' कंपनी ही त्याच घराण्यातली. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत. पुतण्याही मायकोच्याच वाटेने तिकडे गेलेला.

या औद्योगिक शहराच्या पोटात, टेकड्यांच्या उतारांवर, द्राक्षबागा आहेत. तिथले बागायतदार वर्षातले काही आठवडे स्वतःच्या घरीच जेवणघर थाटतात. दाराला झाडू टांगला की समजायचे, आज उघडे आहे. नियमाप्रमाणे वर्षात चार महिन्यांहून अधिक काळ आणि ४० हून अधिक आसनांचे चालवायचे नाही, आणि वाइन घरचीच हवी. शरदात तिथे दोन गोष्टी जोडीने मिळतात: अर्धवट आंबलेली, दुधाळ, गोडसर नवी वाइन आणि कांद्याचा केक. बाटलीचे झाकण मुद्दाम सैल असते, कारण आत आंबणे चालूच असते. गाडीतून नेताना ती उभीच धरावी लागते. केकमध्ये डुकराचे मांस घालतात, तेव्हा शाकाहारी मंडळींनी आधी विचारावे. निफाडची दोन्ही पिके एका ताटात मला पहिल्यांदा दिसली ती जर्मनीत.

याच दिवसांत स्टुटगार्टच्या कानश्टाट भागाची मोठी जत्रा असते. तिचा जन्म दुष्काळातून झाला. १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला, त्याच्या धुळीने १८१६ चा उन्हाळा युरोपात आलाच नाही आणि पिके बुडाली. त्यातून सावरताना तिथला राजा पहिला विल्हेल्म याने १८१८ मध्ये हे शेतीचे प्रदर्शन सुरू केले. त्याच वर्षी होहेनहाइमला कृषिशाळा निघाली, ती आज विद्यापीठ आहे. जत्रेत पाळणे आणि बिअरचे तंबू वाढले, तरी मधोमध धान्य-फळांनी सजवलेला उंच खांब अजून उभारतात.

वायमारचा कांदा बाजार

भाचीकडे येनाला जायचे ते जवळच्या वायमारच्या कांदा बाजाराची तारीख धरून. तो ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी भरतो आणि त्याची नोंद १६५३ पासून मिळते. जर्मन कवी गटे ज्या गावात राहिला, त्या गावाच्या रस्त्यांवर कांदाच कांदा. पण पोत्यांत नाही. कांद्याच्या पातींच्या वेण्या घालतात, त्यांत वाळलेली फुले गुंफतात आणि लोक त्या हौसेने घरी नेऊन स्वयंपाकघरात टांगतात. कांद्याचे सूप, कांद्याचा केक, कांद्याच्या माळा घातलेली पोरे.

ह्यांनी एका वेणीतले कांदे मोजले आणि लासलगावच्या क्विंटलच्या भावाशी ताडून पाहिले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. लासलगावची बाजार समिती १९४७ ची. कांद्याची एवढी मोठी बाजारपेठ जगात क्वचित असेल. चाळीत सडणारा उन्हाळ कांदा, निर्यातबंदी, निर्यातशुल्क यांच्या बातम्या देशभर होतात. पण कांद्याचा आनंद करायला कुणी लासलगावला आले, असे आम्ही कधी ऐकले नाही.

तिकडची मंडळी इकडे

आता लेक-जावई आणि पुतण्या त्यांच्या तिकडच्या मित्रमंडळींना घेऊन येणार आहेत. त्यांना काय दाखवायचे, याची यादी आम्ही केली आणि लक्षात आले की ती बरीच लांब होते.

पहिले नांदूरमधमेश्वर. गोदावरी-कादवेच्या संगमावर ब्रिटिश काळात बंधारा बांधला तो कालव्यांसाठी. गाळ साठून पाणथळ झाली आणि पक्षी आले. १९८६ मध्ये अभयारण्य झाले आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक हे उत्तरेचे पाहुणे नोव्हेंबरपासून जमतात. चापडगावच्या बाजूने सकाळी लवकर जावे आणि गावातला वाटाड्या सोबत घ्यावा.

मग चांदोरीला गोदेच्या पात्रातली मंदिरे, पाणी ओसरले असेल तर. पानिपतात लढलेल्या विठ्ठल शिवदेवांचे विंचूर. लासलगावचा लिलाव, कारण शेकडो ट्रॅक्टरांची रांग आणि उघड बोलीने ठरणारा भाव परदेशातल्या माणसाने बघण्यासारखा आहे. आणि निफाड गाव, जिथे १८ जानेवारी १८४२ रोजी महादेव गोविंद रानडे जन्मले. त्यांच्या पत्नी रमाबाईंच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० च्या पुस्तकात न्यायमूर्तींच्या फिरतीवर त्यांच्यासोबत केलेले प्रवास आहेत. नवरा-बायकोने मिळून मुलूख पाहण्याची आमच्या गावची परंपरा अशी जुनी आहे.

सगळे एकाच वेळी बघायचे, तर महिना कोणता? जानेवारी. लाल कांदा बाजारात असतो, लवकर छाटलेल्या बागांचा माल गोड झालेला असतो, पक्षी नांदूरला मुक्कामी असतात आणि कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा एवढा उतरतो की युरोपच्या पाहुण्यांनाही स्वेटर लागावा. त्यात रानड्यांची जयंती. वायमारने ऑक्टोबरचे दोन-तीन दिवस धरले आणि साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ जपले. आपल्या तालुक्याने जानेवारीचा तिसरा रविवार धरावा. बाजार समितीने पटांगण द्यावे, बागायतदारांनी घरे उघडावीत, बचत गटांनी कांदाभजी तळावीत. वेण्या घालायच्या झाल्या, तर कांद्याची पात कशी गुंफायची, हे मी शिकून आले आहे.