लग्न मोडलं सुपरमॅनचं, राग मला!

सप्टेंबर २०११. डीसी कॉमिक्सनं एका झटक्यात ५२ मालिका अंक १ पासून सुरू केल्या. नवी सुरुवात म्हणे! पण सुपरमॅन आणि लोइसचं १९९६ मध्ये झालेलं लग्न? चक्क गायब! मी पुण्याहून जालन्याला दादाला फोन लावला आणि जाम तणतणलो. 'इतकी वर्षं वाचलं, ते काय खोटं होतं?'

दादा हसला. 'माळ्यावरचे इंद्रजाल काढू का?'

१९६४ मध्ये सुरू झालेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मधला वेताळ हा आम्हा भावांचा हीरो. मूळ कथेतलं 'बेंगाली' इथं वाद नको म्हणून 'डेंकाली' झालं, 'सिंग' चाचे 'सिंगा' झाले. आम्हाला पत्ताच नव्हता! म्हणजे बदललेलाच वेताळ आम्ही जिवापाड जपला. मग आता चीड कसली?

फरक आहे, बॉस. तिथं फक्त नावं बदलली, वाचलेल्या गोष्टी शाबूत राहिल्या. इथं पंधरा वर्षांचा संसारच पुसला.

२०१६ च्या 'रीबर्थ'मध्ये तो परतला. पहिला फोन दादाचाच: 'अरे, वहिनी आल्या!'